पडद्याच्या तळाशी धावणारी ओळ

“इंग्रजी सुधारायचंय? मग इंग्रजी सिनेमे बघ.” हा सल्ला महाराष्ट्रात कुणी कुणाला दिला नसेल? शिकवणीचे सर देतात, मुंबईत नोकरीला असलेला आतेभाऊ देतो, मुलाखतीत नापास करून वर दारापर्यंत सोडायला येणारा साहेबही देतो. सल्ल्याला पैसे पडत नाहीत, आणि कसं बघायचं हे सांगायची जबाबदारीही सल्ला देणाऱ्यावर येत नाही. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा मग इमानेइतबारे सिनेमा लावतो. दहाव्या मिनिटाला त्याच्या लक्षात येतं की गाड्या उडतात ते कळतंय, कोण कुणाचा जीव घ्यायला निघालाय तेही कळतंय, पण माणसं काय बोलताहेत ते काही केल्या कळत नाही. वर्तमानपत्र वाचता येणारं, पेपरात पास करणारं त्याचं इंग्रजी त्या आवाजात कुठेच दिसत नाही. मग तो रिमोटवरचं बटण शोधतो आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरांची ओळ धावू लागते. अभ्यास सुरू होतो तो इथे.

म्हणून मागोवा घ्यायचा तर सिनेमाचा घेऊन भागत नाही, त्या ओळीचा घ्यावा लागतो. ही ओळ इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कुणी बनवलेली नाही. ज्यांना काहीच ऐकू येत नाही अशा माणसांनी ती भांडून मिळवली. ज्यांना ऐकू येतं पण उमगत नाही, ते मागाहून येऊन तिच्यावर बसले.

अर्थात, परक्या भाषेसाठी कान तयार करायचा उद्योग सिनेमाच्याही आधीचा. एडिसनने फोनोग्राफ काढला आणि १८७८ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये लेख लिहून त्याचे संभाव्य उपयोग सांगितले. पत्रांचा मजकूर सांगणं, अंधांसाठी बोलती पुस्तकं, संगीत वगैरे यादीत वक्तृत्वाचं शिक्षण आणि भाषांचे उच्चार जसेच्या तसे जतन करणं हेही होतं. स्वतः एडिसनचा भरवसा मुख्यतः कचेरीतल्या कामावर होता. पण १९०१ मध्ये लंडनमध्ये जॅक रोस्टन याने लिंग्वाफोन ही कंपनी काढली आणि मेणाच्या नळकांड्यांवर भाषेचे धडे विकायला सुरुवात केली. शिक्षक घरी येत नसेल तर त्याचा आवाज घरी येईल, ही कल्पना. शेजारी पुस्तक उघडं ठेवायचं, आवाज ऐकायचा, पुन्हा ऐकायचा. डोळ्याने वाचत कानाने ऐकायची जोडगोळी तिथेच पहिल्यांदा बाजारात आली म्हणायला हरकत नाही.

या कंपनीसाठी १९२७ मध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉने एक ध्वनिमुद्रिका केली. विषय होता शुद्ध इंग्रजी आणि मोडकंतोडकं इंग्रजी. म्हातारा काय बिलंदर! धडा सुरू करण्याआधी तो ऐकणाऱ्याला ग्रामोफोनचा वेग तपासायला लावतो. वेग चुकला तर जो आवाज ऐकू येईल तो माझा नव्हेच, तेव्हा स्क्रू फिरवून आधी वेग जुळवून घ्या, असं त्याचं म्हणणं. पुढे तो सांगतो की कुठलेही दोन इंग्रज अगदी सारखं बोलत नाहीत, आणि तो स्वतः हे सांगतो आहे ते आयरिश वळणाच्या उच्चारांत. शेवटी परदेशी विद्यार्थ्याला तर त्याचा सल्ला असा की इंग्लंडात फिरताना फार निर्दोष बोलू नका, लोकांना कळणार नाही. मोडकं बोला, लोक मदत करतील. आपल्याकडे शॉचा ‘पिग्मॅलियन’ पुलंच्या ‘ती फुलराणी’तून १९७५ मध्ये आला, त्यामुळे उच्चारांचा प्राध्यापक मराठी प्रेक्षकाला चांगला ठाऊक आहे. मूळ नाटकातल्या या प्राध्यापकाच्या, हिगिन्सच्या, प्रयोगशाळेत फोनोग्राफ ठेवलेला असतो. पण उच्चार शिकवणाऱ्या यंत्रावरच, उच्चार म्हणजे सर्वस्व नव्हे असं सांगायला शॉच हवा होता.

आता सिनेमाकडे. मूकपटांच्या काळात बहिऱ्या माणसाला आणि परभाषिकाला थिएटरात जे सुख होतं ते नंतर कधी मिळालं नाही. पडद्यावर कुणीच बोलत नव्हतं, सगळ्यांना वाचावंच लागत होतं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला, त्यातल्या पाट्या हिंदीत आणि इंग्रजीत होत्या. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी, आणि अर्धं थिएटर त्याच्या तोंडाकडे कान लावून बसे. अमेरिकेत बोटीतून उतरलेला इटालियन किंवा पोलिश कामगार स्वस्तातल्या सिनेमाघरात जाई, तेव्हा त्याचा इंग्रजीचा पहिला धडा बहुधा पाटीवर असे. पाटी पुरेसा वेळ थांबत असे. शेजाऱ्याला विचारता येत असे.

ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ लागला, सिनेमा बोलू लागला आणि पाट्या गेल्या. त्याबरोबर दोन जातींची माणसं थिएटराबाहेर पडली: ज्यांना ऐकू येत नव्हतं ती आणि ज्यांना इंग्रजी येत नव्हतं ती. दुसऱ्यांची सोय लगेच झाली, कारण त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे येत होते. १९२९ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये हाच सिनेमा फ्रेंच ओळींसह दाखवला गेला. मोठ्या बाजारपेठांनी मात्र दुसरी वाट धरली. जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स या देशांत पात्रांच्या तोंडी आपली भाषा घालणं पसंत केलं गेलं. स्पेनमध्ये तर फ्रँकोच्या राजवटीत १९४१ मध्ये परदेशी सिनेमा स्पॅनिशमध्येच बोलला पाहिजे असा हुकूम निघाला. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, नेदरलंड्स असल्या लहान भाषांच्या देशांना हा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तिथे मूळ आवाज राहिला आणि खाली ओळ आली. ऐंशी वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी या देशांची टोफेल परीक्षेतली कामगिरी ताडून पाहिली, तेव्हा ओळ लावणारे देश आवाज बदलणाऱ्या देशांपेक्षा सरस दिसले, आणि सर्वांत जास्त फरक ऐकण्याच्या भागात होता. डॅनिश माणूस चांगलं इंग्रजी ऐकतो याचं श्रेय आपण त्याच्या शाळेला देतो. थोडं त्याच्या देशातल्या सिनेमावितरकाच्या कंजूषपणालाही द्यायला हवं.

बहिऱ्यांच्या वाट्याला मात्र वीस वर्षं काहीच आलं नाही. एमर्सन रोमेरो हा हवानात जन्मलेला, लहानपणी आजारात ऐकणं गमावलेला नट टॉमी अल्बर्ट या नावाने मूकपटांत विनोदी कामं करीत असे. बोलपट आले आणि त्याची नोकरीच गेली. १९४७ मध्ये त्याने जुने बोलपट विकत आणून त्यांना कात्री लावली. फिल्म कापायची, दोन चौकटींच्या मध्ये मजकुराची पाटी चिकटवायची आणि बहिऱ्यांच्या क्लबात दाखवायचा. मूकपटाचीच पद्धत त्याने बोलपटात परत घुसडली. आवाज मध्येच तुटे, चित्र अडखळे, ऐकू येणाऱ्याला ते असह्य झालं असतं. पण बघणाऱ्यांना त्याचं काय! पुढे कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या बहिऱ्यांच्या शाळेतल्या लोकांनी परदेशी वितरकांचीच युक्ती उचलली आणि मजकूर थेट फिल्मच्या खालच्या कडेवर कोरून घेतला. फरक एवढाच की इंग्रजी बोलण्याखाली इंग्रजीच ओळ. पैशाची बाजू लंगडी होती, म्हणून ही मंडळी सरकारदरबारी गेली आणि २ सप्टेंबर १९५८ रोजी आयझेनहॉवरच्या सहीने बहिऱ्यांसाठी मजकूरयुक्त चित्रपट पुरवण्याचा कायदा झाला.

बोललेली भाषा तीच आणि लिहिलेली भाषाही तीच: ही गोष्ट ऐकू येणाऱ्या माणसाला त्या काळी निरर्थक वाटली असती. जे ऐकलं तेच पुन्हा वाचायचं कशाला? भाषा शिकवणाऱ्यांनाही ते सुचलं नाही. तेव्हा त्यांची धडपड निराळ्याच दिशेने चालली होती. आठशे पन्नास शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’चा पुरस्कर्ता, हार्वर्डमधला समीक्षक आय. ए. रिचर्ड्स दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्नेच्या स्टुडिओत जाऊन रेषाचित्रं काढायला शिकला आणि त्यातून त्याने इंग्रजी शिकवणाऱ्या फिल्म बनवल्या. काडीसारखी माणसं, एक टोपी, एक टेबल. टोपी टेबलावर आहे, टोपी हातात आहे. बीबीसीने १९४३ पासून ‘इंग्लिश बाय रेडिओ’ चालवलं, पुढे दूरचित्रवाणीवर ‘फॉलो मी’ आणलं. ते १९८२ पासून चीनमध्ये दाखवलं गेलं तेव्हा लाखो घरांतून लोक वही घेऊन पडद्यासमोर बसू लागले. हे सगळे धडे सुंदर होते आणि सगळ्यांत एकच खोट होती. त्यांतली माणसं शिकणाऱ्यासाठी बोलत होती. सावकाश, शब्द सुटे करून, वाक्य संपल्यावर थांबून. जगात असं कुणी बोलत नाही.

त्या ओळीला घराघरांत पोचवलं टीव्हीने, आणि तेही लपवून. १९७२ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीवर ज्यूलिया चाइल्डचा स्वयंपाकाचा कार्यक्रम मजकुरासह दाखवला गेला, पण तो मजकूर सगळ्यांनाच दिसे आणि ऐकू येणाऱ्यांना ही लुडबूड चालणार नाही अशी वाहिन्यांची भीती होती. मग मजकूर प्रक्षेपणाच्या न दिसणाऱ्या भागात, एकविसाव्या रेषेत, दडवायचा आणि ज्याला हवा त्याने एक डबा आणून तो उघड करायचा असा तोडगा निघाला. १६ मार्च १९८० रोजी एबीसी, एनबीसी आणि पीबीएस या वाहिन्यांवर हे सुरू झालं. डबा सिअर्सच्या दुकानांत मिळे, किंमत सुमारे अडीचशे डॉलर.

डबे अपेक्षेपेक्षा फारच कमी खपले. पण खपले त्यांचा हिशेब बघताना नॅशनल कॅप्शनिंग इन्स्टिट्यूटच्या लोकांना एक भलताच ग्राहक सापडला: नव्याने अमेरिकेत आलेली, कान धडधाकट असलेली कुटुंबं. लाओसहून, कंबोडियाहून, मेक्सिकोहून आलेली माणसं बहिऱ्यांचा डबा विकत घेऊन संध्याकाळच्या मालिका बघत होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षणशास्त्रात त्याचा सिद्धान्त झालेला नव्हता. कॅरेन प्राइस या संशोधिकेने १९८३ मध्ये जवळपास पाचशे परभाषिक विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला, तेव्हा मजकुरासह पाहिलेलं त्यांना कितीतरी अधिक समजतं असं दिसलं. १९९२ मध्ये नॉयमन आणि कॉस्किनेन यांनी सातवी-आठवीतल्या १२९ परभाषिक मुलांना ‘थ्री-टू-वन कॉन्टॅक्ट’ ही विज्ञानमालिका निरनिराळ्या पद्धतींनी दिली. काहींना मजकुरासह, काहींना नुसती, काहींना वाचत-ऐकत आणि काहींना फक्त पाठ्यपुस्तकातून. मजकुरासह पाहणाऱ्यांनी शब्द सर्वांत जास्त उचलले. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या सीफॅक्स सेवेचं ८८८ क्रमांकाचं पान उघडलं की बहिऱ्यांसाठीच्या ओळी येत. एडिंबरोच्या हेरिअट-वॉट विद्यापीठात रॉबर्ट व्हँडरप्लँकने आपल्या परदेशी विद्यार्थ्यांना त्या ओळींसह कार्यक्रम दाखवले आणि १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले: ओळींनी त्यांचं लक्ष विचलित होत नव्हतं; उलट चमत्कारिक उच्चार, विनोद, शब्दांच्या कोट्या पकडता येत होत्या. शिक्षकवर्गाची जुनी शंका होती की वाचणारा माणूस ऐकणं सोडून देतो. ती पूर्ण खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे.

अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून तेरा इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ही सोय आतच बसवणं सक्तीचं झालं. डबा गेला, बटण आलं. जगभरच्या टीव्हीवर ते बटण पुढे सवयीचं झालं, त्यामागे बहिऱ्यांच्या संघटनांची अशी अनेक वर्षांची झटापट आहे.

आता त्या ओळीने कानाचं नेमकं काय होतं ते बघू. मराठी माध्यमातल्या मुलाने इंग्रजी डोळ्याने घेतलेलं असतं. शब्दाचं चित्र डोक्यात असतं आणि त्या चित्राला त्याने मराठी पद्धतीने, प्रत्येक अक्षराला त्याचा न्याय देत, आवाज चिकटवलेला असतो. ‘आय वुड हॅव टोल्ड यू’ असं तो पाच शब्दांत वाचतो. पडद्यावरचा माणूस म्हणतो ‘आयडव टोल्ड्यू’. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’चं होतं ‘वॉच्यू गना डू’. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याची खूण आवाजात नसतेच. ती खूण ऐकणाऱ्याच्या डोक्यात असावी लागते. गाठोडं सोडायला गाठ कुठे आहे ते दिसावं लागतं, तसं खालची ओळ शब्दांमधली मोकळी जागा दाखवते. ‘आयडव’ ऐकताना डोळ्यासमोर ‘आय वुड हॅव’ असलं की आवाज आणि शब्द यांची पहिल्यांदा गाठ पडते. पुढच्या वेळी तोच आवाज ओळ नसतानाही ओळखीचा वाटतो.

हे नुसतं अनुमान राहू नये म्हणून नेदरलंड्सच्या नायमेगेनमधला एक प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. मिटरर आणि मॅक्वीन यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी उत्तम येणारे पण स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन बोलीला न सरावलेले डच विद्यार्थी घेतले. त्यांना एकतर स्कॉटिश उच्चारांचा ‘ट्रेनस्पॉटिंग’ किंवा ‘कॅथ अँड किम’ ही ऑस्ट्रेलियन मालिका, साधारण पंचवीस मिनिटं दाखवली. काहींना खाली इंग्रजी ओळ, काहींना डच, काहींना ओळच नाही. मग त्याच बोलीतली वाक्यं ऐकवून म्हणायला लावली. इंग्रजी ओळ वाचलेल्यांना नवी, आधी न ऐकलेली वाक्यंही अधिक चांगली पकडता आली. डच ओळ वाचलेल्यांना पाहिलेल्या भागातली वाक्यं जमली, पण नव्या वाक्यांत ते ओळ नसलेल्यांपेक्षाही मागे पडले. मातृभाषेत अर्थ मिळाला की मन कान बंद करतं. आपल्याकडे ओटीटीवर हॉलीवूडचा सिनेमा हिंदी ओळींसह बघून ‘इंग्रजी सुधारतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

महाराष्ट्राच्या कानाची कथा निराळी आहे. आपल्या सरकारी आणि मराठी शाळांत इंग्रजी लिहिण्या-वाचण्यापुरतं राहिलं. ऐकायला मिळे ते बहुधा आपल्यासारख्याच मराठी शिक्षकाच्या तोंडून. जून २००० पासून राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा लहान मुलांना ऐकवायचं कुणी हा प्रश्न उभा राहिलाच. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने तयार केलेला ‘वुई लर्न इंग्लिश’ हा रेडिओवरचा पाठ त्याचं एक प्रामाणिक उत्तर होतं: आवाज रेडिओतून, हालचाल वर्गातून, आणि शिक्षकालाही सोबत शिकता येईल अशी रचना.

इंग्रजी ओळ मात्र आपल्या घरात आधी वेगळ्याच कारणासाठी शिरली होती. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे लागत, बंगाली, मल्याळी, आसामी, खाली इंग्रजी भाषांतर. जेवण झाल्यावर डुलक्या घेत ते बघणाऱ्या घरांतून किती जणांनी पहिल्यांदा वेगाने इंग्रजी वाचायची सवय लावून घेतली असेल! केबल आली, इंग्रजी सिनेमांच्या वाहिन्या आल्या आणि काही वर्षांनी, २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी इंग्रजी सिनेमाखाली इंग्रजीच ओळी लावायला सुरुवात केली. बहिऱ्यांसाठी हे झालं नव्हतं. वाहिन्यांना लहान शहरांतला प्रेक्षक हवा होता. औरंगाबाद, नांदेड, सांगलीच्या मुलांना हॉलीवूड त्यामुळे पहिल्यांदा पूर्णपणे कळायला लागलं. या ओळींवर सेन्सॉरचा हात असे तो भाग वेगळा. पात्र शिवी देतं तेव्हा आवाज दाबलेला आणि खाली त्या जागी कुठला तरी सभ्य शब्द. त्या वाहिन्यांवर इंग्रजी शिकलेल्या पिढीला अमेरिकन गुंड फार सुसंस्कृत वाटले असतील.

याच ओळीचा उलटा उपयोगही भारतातच सापडला. १९९६ मध्ये ब्रिज कोठारी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होते आणि स्पॅनिश शिकणाऱ्या मित्रांबरोबर अल्मोदोवारचा एक स्पॅनिश सिनेमा बघत होते. ओळी इंग्रजीत होत्या. त्या स्पॅनिशमध्ये असत्या तर बोलणं पकडता आलं असतं अशी सगळ्यांची कुरकुर. त्यावर कोठारींच्या डोक्यात आलं की हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी लावल्या तर देश साक्षर होईल. अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनी हे काम हाती घेतलं, १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती ‘चित्रगीत’ कार्यक्रमात ते प्रत्यक्ष आलं आणि २००२ मध्ये ‘चित्रहार’मध्ये. गाताना शब्द रंग बदलत पुढे सरकतो. अमेरिकेतल्या स्थलांतरिताला अक्षर येत होतं, आवाज येत नव्हता; इथे गाणं तोंडपाठ आहे, अक्षर येत नाही. ओळ तीच, शिकायचं उलट टोकाकडून. पुढे प्लॅनेटरीड या त्यांच्या संस्थेने झी टॉकीजवरच्या मराठी सिनेमांखाली मराठी ओळी लावायचा प्रयोगही केला. परभाषा शिकणाऱ्यांच्या कुरकुरीतून साक्षरतेची मोहीम निघाली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

एवढ्या काळात सिनेमाचा आवाजही जागच्या जागी राहिला नव्हता. तीस आणि चाळीसच्या दशकांतले सिनेमे शिकणाऱ्याला सोपे जातात, त्याचं कारण तांत्रिक आहे. तेव्हाचे मायक्रोफोन ओबडधोबड, नटनट्या रंगभूमीवरून आलेले, आणि स्टुडिओंनी त्यांना उच्चारांच्या शिक्षिका लावलेल्या. ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये त्याची झकास टिंगल आहे. सत्तरीत रॉबर्ट ऑल्टमनने प्रत्येक नटाला वेगळा मायक्रोफोन लावून अनेक ट्रॅकवर आवाज घेतले आणि माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागली, जशी घरी बोलतात. पुढे कुजबुज, पुटपुट, मागे संगीत. नोलनचा ‘टेनेट’ २०२० मध्ये आला तेव्हा इंग्रजी ज्यांची मातृभाषा तेच प्रेक्षक संवाद ऐकू येत नाहीत म्हणून तक्रार करीत होते. आज लंडन-न्यूयॉर्कमधली धडधाकट कानांची तरुण मंडळीही ओळ चालू ठेवून मालिका बघतात. ‘सिनेमे बघ’ म्हणणाऱ्याने कुठल्या काळातले बघ हेही सांगायला हवं. माझं मत विचाराल तर सुरुवातीला हिचकॉक बरा, मार्व्हल नंतर.

डीव्हीडी आली आणि ओळ हव्या त्या भाषेत, हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा मिळू लागली. कोरियातल्या बीटीएस या गानसमूहाचा आरएम २०१७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर सांगत होता की आईने आणून दिलेल्या ‘फ्रेंड्स’च्या डीव्हीडींवर आपण इंग्रजी शिकलो: आधी कोरियन ओळींसह, मग इंग्रजी ओळींसह, मग ओळ बंद करून. कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाने आखून द्यावा असा हा क्रम. त्याने तो बहुधा कंटाळ्यातून शोधला असावा. चीनमध्ये रेनरेन यिंगशी सारख्या हौशी मंडळींनी अमेरिकन मालिकांना रातोरात चिनी-इंग्रजी अशा दुहेरी ओळी लावून एका पिढीचे कान तयार केले. २०२१ च्या फेब्रुवारीत शांघाय पोलिसांनी स्वामित्वहक्काच्या गुन्ह्यात त्यांतल्या काहींना अटक केली तेव्हा समाजमाध्यमांवर बरेच जण हळहळले.

नोव्हेंबर २००९ मध्ये गूगलने यूट्यूबवर यंत्राने आपोआप ओळी काढायची सोय जाहीर केली. त्या कामामागे केन हॅरनस्टिन हा स्वतः बहिरा असलेला अभियंता होता. रोमेरोची कात्री आणि हॅरनस्टिनचा संगणक यांच्यात बासष्ट वर्षांचं अंतर आहे, आणि दोघांनाही हवं होतं तेच: ऐकू येणाऱ्यांना जे फुकट मिळतं ते वाचायला मिळावं. आज या सोयीचं मोठं गिऱ्हाईक कोण असेल? लातूर, जळगाव किंवा अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बसून मद्रास-खरगपूरच्या आयआयटीची एनपीटेल व्याख्यानं ऐकणारी मुलं. त्यांना समजून घ्यायचं असतं ते लंडनचं इंग्रजी नव्हे. तमिळ, बंगाली, तेलुगू जिभेवरून आलेलं, थर्मोडायनॅमिक्सने भरलेलं, फळ्याकडे तोंड करून बोललेलं इंग्रजी असतं, आणि ते कुठल्याच सिनेमात ऐकायला मिळत नाही. अशा उच्चारांवर यंत्र चुकतं. ‘एन्ट्रॉपी’च्या जागी भलतंच काही छापून मोकळं होतं. मुलगा व्हिडिओ थांबवतो, मागे नेतो, पुन्हा ऐकतो आणि यंत्राने काय चुकीचं लिहिलं ते वहीत बरोबर करून लिहितो. जो हे करू लागला, त्याने सिनेमाचा सल्ला नाही पाळला तरी चालेल.